पडद्यावरील पात्र आणि खेळणारा ‘मी’

गेल्या मे महिन्यात नारायणगावाजवळ बहिणीच्या घरी चार दिवस राहण्याचा योग आला. दुपारच्या उन्हात ओसरीवर दहावीची परीक्षा दिलेला माझा भाचा, त्याची मंचरच्या महाविद्यालयात शिकणारी थोरली बहीण आणि शेजारचा एक मुलगा अशी तिघे मोबाइलवर खेळत बसत. एकदा भाचा मोठ्याने ओरडला, “मी मेलो!” आतून बहीण घाबरून बाहेर आली. मरण पावला होता तो पडद्यावरचा एक सैनिक. बहिणीने कपाळाला हात लावला आणि ती आत गेली. मी मात्र त्या वाक्यापाशी अडून राहिलो. “तो मेला” असे न म्हणता हा मुलगा “मी मेलो” का म्हणाला? तो सैनिक उंच, गोरा आणि भरदार छातीचा होता. माझा भाचा ह्यांपैकी काहीच नाही. मी विचारले, “हा तूच का रे?” तो हसून म्हणाला, “नाही मामा, हा मी कसा असेन?” आणि पुढच्याच मिनिटाला पुन्हा म्हणाला, “आता मी जिवंत झालो.”

खेळणारी माणसे आपले पात्र स्वतःवरून घडवतात का, हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. पण लेखक आपल्या पात्रात स्वतःला कितपत ओततो, हा जो साहित्यसमीक्षेचा जुना प्रश्न, त्याचेच हे नवे रूप आहे. फरक इतकाच, की पूर्वी पात्र घडवण्याचे काम मूठभर लेखक-नट करीत. आज आपल्या घराघरांतील मुले ते रोज करतात. म्हणून साहित्याला वाहिलेल्या ह्या पानांवर त्याचा विचार होणे अप्रस्तुत नाही.

प्रथम त्या ओसरीवर जे दिसले तेच सांगतो. तिघांची पात्रे तीन प्रकारची होती. भाच्याचे पात्र त्याला व्हावेसे वाटते तसे होते. शेजारच्या मुलाने मात्र पात्र हट्टाने आपल्यासारखे केले होते. सावळा रंग, कुरळे केस, बसके नाक. “असलं नाक त्यांच्याकडं नव्हतंच. जवळपासचं शोधून लावलं,” असे तो म्हणाला. भाचीची गोष्ट आणखी वेगळी. तिचे पात्र पुरुषाचे होते आणि तिने धारण केलेले नावही मुलाचे होते. कारण विचारता ती म्हणाली, “मामा, मुलीचं नाव दिसलं की लोक नको ते बोलतात. म्हणून मी मुलगा होते.” एकीकडे आकांक्षा, दुसरीकडे आरसा आणि तिसरीकडे चिलखत. एकाच ओसरीवर तीन उत्तरे मिळाली, तेव्हा प्रश्नाचे एकच उत्तर असणार नाही हे उघड झाले.

विद्वानांनीही ह्याचा शोध घेतला आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील कॅथरिन बेसिएर, फ्लेमिंग सी आणि सारा कीस्लर ह्यांनी 2007 साली ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ ह्या खेळातील खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. खेळाडूंनी आपले गुण आणि आपल्या पात्राचे गुण स्वतःच मापले, तेव्हा पात्र हे स्वतःपेक्षा काहीसे सरस, आपल्या आदर्शाच्या जवळचे असल्याचे आढळले. आणि ज्यांचे मन स्वतःविषयी फारसे समाधानी नव्हते त्यांच्या बाबतीत हे अंतर अधिक होते. त्याच वर्षी निक यी आणि जेरेमी बेलेन्सन ह्यांनी नाण्याची दुसरी बाजू दाखवली. ज्यांना उंच पात्र दिले गेले ते वाटाघाटीत अधिक ठामपणे बोलले. ज्यांना देखणे पात्र मिळाले ते दुसऱ्यांच्या अधिक जवळ गेले आणि मोकळे झाले. म्हणजे माणूस पात्र घडवतो आणि पात्रही माणसाला घडवते.

ही दुसरी गोष्ट मराठी रसिकाला नवी नाही. बालगंधर्व रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत, तेव्हा त्यांनी नायिकेसाठी स्त्रियांचे निरीक्षण केले असेल. परंतु पुढे महाराष्ट्रातील सुखवस्तू घरांतील स्त्रियाच त्यांच्यासारखी साडी नेसू लागल्या, त्यांच्यासारखा साजशृंगार करू लागल्या. मूळ कोणते आणि प्रतिकृती कोणती, हे सांगणे अवघड व्हावे इतकी ती देवघेव झाली.

पण ज्या गावी बसून मी हा विचार करीत होतो, त्या गावापाशी ह्याहून जवळचे उदाहरण होते. नारायणगाव हे तमाशाचे माहेरघर. दरवर्षी यात्रांच्या हंगामाआधी येथे निरनिराळ्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीचे लोक येऊन सुपारी देऊन खेळ ठरवतात. होय, तमाशाच्या प्रयोगालाही ‘खेळ’च म्हणतात. ह्या खेळात पात्र कसे घडते? गणानंतर गवळण सुरू झाली, की एक पुरुष डोक्यावरून पदर घेतो आणि मावशी होतो. तो पुरुष आहे हे सर्वांना ठाऊक असते आणि ते लपवण्याचा कोणी आटापिटाही करीत नाही. वगात सोंगाड्या राजाच्या दरबारात उभा असतो आणि मध्येच त्याच गावच्या पुढाऱ्यावर, रस्त्यातल्या खड्ड्यांवर कोटी करून जातो. क्षणभर तो राजाचा नोकर असतो, क्षणभर तुमच्याआमच्यातला एक. पात्र आणि खेळणारा ह्यांच्यातली शिवण तमाशात उघडीच ठेवलेली असते आणि गंमत तिथेच असते.

आपल्या भाषेने ह्या व्यवहारासाठी दोन शब्द राखून ठेवले आहेत. एक ‘सोंग’ आणि दुसरा ‘काम’. सोंग ‘घेतात’ किंवा ‘आणतात’. म्हणजे ते बाहेरून येते आणि परत ठेवावे लागते. उलट, “तिने राणीचे काम केले” असे आपण म्हणतो, तेव्हा राणी होणे ही मेहनत आहे, घाम गाळण्याची गोष्ट आहे, हे आपण मान्य करतो. मोबाइलवर खेळणारा मुलगा सैनिकाचे ‘काम’ करीत नाही. तो सोंग घेतो आणि सोंग घेतल्याचे विसरून “मी” म्हणतो.

ह्या संदर्भात विठाबाई नारायणगावकर ह्यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. भाऊ-बापू मांग नारायणगावकर ह्यांच्या फडात वाढलेल्या ह्या कलावतीला 1957 आणि 1990 अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला. त्यांच्याविषयी एक प्रसंग सर्वत्र सांगितला जातो. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या होत्या. खेळ चालू असताना कळा सुरू झाल्या. त्या मागे गेल्या, बाळाला जन्म दिला, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांपुढे जायला निघाल्या. बोर्डावर ज्या स्त्रीचे पात्र उभे होते तिला कळा येत नव्हत्या. त्या येत होत्या विठाबाईंना. पात्राच्या पोशाखाखाली एक देह होता. तो कष्टत होता, रक्ताळत होता, आणि खेळ संपल्यावर ज्या समाजाने टाळ्या वाजवल्या त्याच समाजाच्या जातीच्या उतरंडीत त्याला आपली जागा गाठावी लागत होती. अखेरच्या दिवसांत त्यांना आर्थिक विवंचनेला तोंड द्यावे लागले. 15 जानेवारी 2002 रोजी त्यांचे निधन झाले. आज राज्य शासनाचा तमाशाक्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो. रंगमंचावरील पात्र त्यांच्यासारखे होते की नव्हते, हा प्रश्न त्यांच्या बाबतीत विचारण्यातच अर्थ नाही. पात्राचा सारा भार त्यांच्या देहाने उचलला, एवढेच म्हणता येते.

पडद्यावरच्या पात्राला असा देह नसतो. तिथे “मी मेलो” म्हणणाऱ्याला खरचटतही नाही. ह्या पात्रांना जगभर ‘अवतार’ म्हणतात, हे वाचकांना ठाऊक असेल. शब्द आपल्याच भूमीतला आहे. ख्रिस्ती मराठीत मात्र आपण प्रभूच्या जन्माविषयी बोलताना ‘देहधारण’ हा शब्द योजतो, आणि त्याचे कारण असे की त्या जन्मात देहाबरोबर येणारी भूक, थकवा, जखमा आणि मरण ही सारी स्वीकारलेली होती. खेळातील अवतार देहाचे रूप तेवढे घेतो, देहाचे देणे घेत नाही. मला वाटते, मुलांच्या ह्या खेळांविषयी आपल्या मनात जी अस्वस्थता असते तिचे मूळ इथे आहे. हिंसेचा मुद्दा त्यानंतर येतो.

परंतु इथेच निवाडा देऊन थांबलो तर तो अन्याय होईल, कारण ह्याच्या अगदी विरुद्ध जाणारे एक उदाहरण आपल्यासमोर आहे. नॉर्वेमधील माट्स स्टीन हा तरुण स्नायू क्षीण करीत जाणाऱ्या आनुवंशिक व्याधीने चाकांच्या खुर्चीला खिळलेला होता. 2014 साली, पंचविसाव्या वर्षी, तो वारला. आपल्या मुलाचे आयुष्य एकाकी गेले, खेळात वाया गेले, अशी आईवडिलांची समजूत होती. त्याच्या निधनाची वार्ता वडिलांनी त्याच्याच अनुदिनीवर दिली, आणि युरोपभरातून अनोळखी माणसांची पत्रे येऊ लागली. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये तो ‘इबेलिन’ ह्या नावाने वावरत असे. इबेलिन बलदंड होता, धावत होता. माट्सने आपली व्याधी सोबत्यांपासून कित्येक वर्षे लपवली होती. तरीही सोबत्यांनी लिहिले ते इबेलिनच्या बळाविषयी नव्हे. त्याने कोणाचे दुःख ऐकून घेतले, कोणाला आपल्या मुलाशी जवळीक साधायला मदत केली, ह्याविषयी त्यांनी लिहिले. त्यांच्यापैकी काहीजण अंत्यविधीलाही आले. त्याच्या जीवनावरील बेंजामिन री ह्यांचा माहितीपट 2024 साली प्रदर्शित झाला.

इबेलिनचा चेहरा माट्सचा नव्हता, पाय तर नव्हतेच. मग त्या पात्रात माट्सचे काय होते? त्याची वागणूक. एवढ्या एका गोष्टीने आपला मूळ प्रश्न बदलतो. पात्र खेळणाऱ्यासारखे दिसते का, ह्यापेक्षा पात्र खेळणाऱ्यासारखे वागते का, हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो.

गंमत अशी, की ही गोष्ट एका खेळकर्त्याने फार पूर्वी ओळखली होती. आधीच्या खेळांत जिंकण्यासाठी माणसे बिनदिक्कत चोऱ्या आणि हत्या करतात, हे ध्यानी आल्यावर रिचर्ड गॅरियट ह्यांनी 1985 साली ‘अल्टिमा’ मालिकेतील चौथा खेळ रचला. त्याच्या उपशीर्षकात ‘अवतार’ हा शब्द होता. ह्या खेळात कोणी महादुष्ट मारायचा नव्हता. खेळणाऱ्याने आठ सद्गुण अंगी बाणवायचे होते. आरंभी चेहरा निवडण्याऐवजी एक भविष्य सांगणारी स्त्री पेच टाकणारे प्रश्न विचारी. प्रामाणिकपणा आणि करुणा ह्यांपैकी एकच राखता येत असेल तर काय कराल, अशा धर्तीचे ते प्रश्न होते, आणि उत्तरांवरून पात्र ठरे. पुढे वाटेत एक आंधळी दुकानदार भेटे. किती पैसे ठेवायचे ते गिऱ्हाइकाच्या मर्जीवर. कमी ठेवले तरी ती काही म्हणत नसे. पण खेळ मात्र ते मनात ठेवी आणि पुढे त्याचा हिशेब मागे. खेळणाऱ्याचे प्रतिबिंब पात्रात पाडायचे ते ह्या रीतीने. चेहरा त्यात कुठेच येत नाही.

आजच्या बहुतेक लोकप्रिय खेळांनी उलटी वाट धरली आहे. चेहरा, केस, पोशाख ह्यांचे हजार पर्याय आहेत, पण वागण्याचे पर्याय एकदोनच. मारा किंवा मरा. आणि पोशाख फुकट मिळत नाहीत. “सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही,” ही आपली म्हण ह्या बाजाराला तंतोतंत लागू पडते. माझ्या भाच्यानेही त्या सैनिकाच्या अंगरख्यासाठी आणि टोपीसाठी वडिलांच्या खात्यातून न विचारता पैसे भरले होते. मी तिथे असतानाच ते उघडकीस आले. रक्कम फार मोठी नव्हती. पण टोमॅटोला भाव नसलेल्या हंगामात ती लहानही नव्हती. म्हणजे पात्र आदर्शाच्या जवळ गेले आणि त्याच वेळी मुलगा आपल्या आदर्शापासून दूर गेला. खेळाने ह्याची नोंद ठेवली नाही. आंधळ्या दुकानदाराच्या जागी इथे डोळस दुकानदार बसला होता, आणि त्याला फक्त पैशाशी कर्तव्य होते.

आणखी एक वाट आहे, तिचाही उल्लेख व्हावा. आपल्याच पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ ह्या संस्थेने 2020 साली ‘राजी’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात पात्र घडवण्याची मुभा नाही. राजी ही कसरतीचे खेळ करणारी एक गरीब मुलगी. तिचा लहान भाऊ गोलू ह्याला असुरांनी पळवले आहे आणि ती त्याच्या शोधात निघाली आहे. तिची कथा दुर्गा आणि विष्णू ह्यांच्या संवादातून उलगडते. खेळणारा पुरुष असो, प्रौढ असो, श्रीमंत असो, त्याला त्या मुलीच्याच अंगाने उड्या माराव्या लागतात आणि भावाची काळजी वाहावी लागते. ह्याला आपल्या परंपरेत परकायाप्रवेश म्हणतात. कादंबरी वाचताना जे घडते, चांगला नट जे करतो, तेच इथे घडते. आपल्याहून वेगळ्या माणसाच्या जागी काही काळ उभे राहावे लागते. सतत स्वतःसारखी किंवा स्वतःच्या स्वप्नासारखी पात्रे घडवणाऱ्याला हे शिक्षण मिळत नाही. आरशासमोर कितीही वेळ उभे राहिले तरी शेजाऱ्याची ओळख होत नाही.

मात्र भाचीचे उदाहरण मनातून जात नाही. तिने घेतलेले पुरुषाचे सोंग हा परकायाप्रवेश नव्हे. तिला मुलगा होण्याची हौस नाही. तिला केवळ निर्धास्त खेळायचे आहे. पात्र स्वतःसारखे का केले नाहीस, असे तिला विचारण्यापूर्वी, ज्यांच्या वागण्यामुळे तिला स्वतःचे नाव लपवावे लागते त्यांना प्रश्न विचारायला हवा. त्यांत आपल्या घरचे मुलगेही असू शकतील.

मुक्कामाच्या शेवटच्या रात्री भाच्याच्या वडिलांसोबत मीही मळ्यात गेलो. शेतीची वीज त्या आठवड्यात रात्रीची होती आणि कांद्यानंतर लावलेल्या पिकाला पाणी द्यायचे होते. जुन्नर-आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यात रात्री पाण्याला जाणे म्हणजे काय, हे इथल्या शेतकऱ्यालाच ठाऊक. उसात बिबट्या असतो. पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे आणि ते रिकामे नसते. भाचा बॅटरी घेऊन आमच्या मागे चालत होता, मोठ्याने बोलत, मध्येच शीळ घालत. त्याला भीती वाटत होती हे आवाजावरून कळत होते. पण वडील दारे धरायला वाकले, की तो बॅटरी त्यांच्यावरून हलवत नव्हता. मला दुपारचा एक खेळ आठवला. सोबती पडला तेव्हा जिंकण्याची संधी सोडून हा मुलगा त्याला उठवायला मागे फिरला होता आणि त्यातच “मी मेलो” म्हणून ओरडला होता.

बांधावर बसल्यावर वडिलांनी रागाचा विषय स्वतःच काढला. म्हणाले, “दाखव तरी, कुणाला एवढे कपडे घेतलेस ते.” मुलाने मोबाइल पुढे केला. त्या गोऱ्या, उंच सैनिकाकडे त्यांनी बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, “ह्याला बिबट्याचं भ्या वाटत नसंल.” मुलगा खाली पाहत म्हणाला, “त्याला पाणी द्यायला यावं लागत नाही, आबा.” आणि थोड्या वेळाने, “सुट्टीत टोमॅटो तोडून फेडतो मी ते पैसे.”

खेळणारे आपले पात्र स्वतःवरून घडवतात का, ह्या प्रश्नाचे माझे उत्तर म्हणून असे आहे. चेहरा बहुधा इच्छेवरून घडतो, कधी भीतीवरून. पोशाख बाजार ठरवतो. स्वतःचे म्हणून जे काही त्या पात्रात उतरते ते वागण्यातून उतरते, आणि तेही खेळाने वागायला जागा ठेवली असेल तरच. आपल्या घरातील मुले किती वेळ खेळतात हे आपण रोज विचारतो, ते विचारावेच. पण कधी त्यांच्याशेजारी बसून “हा कोण आहे, आणि तो असा का वागला?” असेही विचारावे. माझ्या मेहुण्यांनी बांधावर हाच प्रश्न आपल्या परीने विचारला, आणि त्याचे उत्तर त्यांना तिथेच मिळाले.